ऐनाच्या सावलीतलं खाचर

१६ नोव्हेंबर १९८३

आनंदा,

सप्रेम जयभीम.

खालचं खाचर हैबतरावांना विकण्यासाठी तू अर्ज केला आहेस, असं काल चावडीत तलाठी भाऊसाहेबांनी सांगितलं. माझा विश्वास बसेना. ते म्हणाले, "बाई, पौडला मी सोता बघितला अर्ज. वतनाची जमीन हाय, परवानगीबिगर इकता येत न्हाई, म्हणून तरी कळलं. न्हाईतर खुणा रोवायला माणसं आली असती, तवाच तुमाला समजलं असतं."

अर्जात कारण दिलं आहे की जमीन पिकत नाही.

ती का पिकत नाही, हे सबंध पुणे जिल्ह्यात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

जुलैपासून तुझ्या पत्राची वाट पाहते आहे. तू न जेवता गेलास. तुझ्याबरोबर आलेल्या सरांनी मात्र दोन भाकरी खाल्ल्या आणि आईला मावशी म्हणाले. त्यांच्यासमोर तू मला म्हणालास, "अडाणी ती अडाणीच राहिलीस." सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि चटणी मागितली. माणूस चांगला असावा.

असो. यंदाची हकीकत कळवते. पूर्वेच्या बांधावरच्या पाच ऐनांपैकी ज्या तीन झाडांचा पाला उतरला, त्यांच्यासमोरचं भात बरं आलं. उरलेल्या दोन झाडांच्या सावलीत पुन्हा पळींज पडली. लोंब्या बाहेर आल्या त्या पांढऱ्याच, उभ्या, आत दाणा नाही. ओढलं की लोंबी हातात येते. खाली अळीने कुरतडलेलं असतं. गंगूबाई बांधावरून जाताना म्हणाली, "प्रभे, तुझ्या भाताला पोरं व्हायच्या आधीच म्हातारपण आलं की गं."

दोन गोष्टी मागते. अर्ज मागे घे. आणि उरलेल्या दोन झाडांचा पाला उतरवू दे. सातबारावर नाव तुझं एकट्याचं आहे, म्हणून विचारायचं. एरवी झाडाला कुणी विचारत नाही.

आई बरी आहे. हल्ली दिवसभर घरात नसते, पण बरी आहे.

तुझी ताई


११ डिसेंबर १९८३

आनंदा,

तुझं नाही, तुझ्या बायकोचं, जयाचं कार्ड आलं. तुला डॉक्टरेट मिळाली आणि तू फार कामात आहेस, एवढंच तिने लिहिलं आहे. अभिनंदन. आईने गूळ वाटला. गंगूबाईने विचारलं, "म्हंजे आता सुया मारणार व्हय?" आई म्हणाली, "मारंल की, भाताला." सगळ्या हसल्या. मीही हसले.

जयाने विषयही लिहिला आहे. सावलीत वाढणाऱ्या भातावर खोडकिडा जास्त का येतो. विषय मला नवीन नाही. तो माझ्या ताटावरून गेला आहे.

तुला आठवण राहिली नसेल म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी पाला उतरवायचे दिवस होते, कुशाबा कोयता घेऊन आला होता. तू पुण्याहून आलास आणि म्हणालास, पूर्वेच्या पाच ऐनांना यंदा हात लावू नका, एकच हंगाम. कुशाबा म्हणाला, "अन् राबाला पाला?" तू म्हणालास, बाकीच्या झाडांचा घ्या. आपल्याकडे बांधावरचा ऐन कुणी पुरता वाढलेला पाहिलेला नाही. दरवर्षी त्याचा पाला उतरतो, राबात भाजला जातो आणि त्या राखेत भाताची रोपं उगवतात. झाड बोडकं राहतं म्हणून खाचराला ऊन मिळतं. पश्चिमेला डोंगर असल्यामुळे आपल्याला ऊन काय ते सकाळचंच.

श्रावणात सावलीतलं भात उन्हातल्यापेक्षा वीतभर उंच गेलं. पानं लांब, मऊ, हिरवीगार. येणारा-जाणारा थांबून बघायचा. हैबतराव म्हणाले, "आक्काबाई, पोरानं कालेजातनं खत आणलं जणू." आईने दृष्ट लागू नये म्हणून बांधावर बिब्बा आणि मिरच्या बांधल्या. बाबांनी दीक्षा घेतल्यापासून घरात असलं काही झालं नव्हतं. ते असते तर मिरच्यांसकट आईला ओढ्यात उभी केली असती.

आम्हाला ती भरभराट वाटली. तू बांधावर बसून फुटपट्टीने उंची मोजत होतास. आई विचारत होती, "लई पिकंल न्हवं रं यंदा?" तू म्हणालास, "बघू." तुला ठाऊक होतं, आनंदा. तिला सांगितलं असतंस तर तिने त्याच दिवशी कुशाबाला झाडावर चढवलं असतं, म्हणून तू बघू म्हणालास.

मला तू सांगितलंस, पण दिवाळीनंतर, भात गेल्यावर. छान सांगितलंस, ते मी विसरणार नाही. म्हणालास, रोपाजवळ शिदोरी एकच असते. शेजारच्या पानातून गाळून आलेला उजेड अंगावर पडला की त्याला कळतं, कुणीतरी आपल्या आधी ऊन खातंय. मग ते सगळी शिदोरी उंच होण्यात घालतं. खोड टणक करायला, अंगात कडू रस धरायला काही उरत नाही. किड्याला टणक आणि कडू नको असतं, त्याला हे असलं मऊ बरोबर सापडतं. मी विचारलं, रोपाला किडा आलेला कळत नाही का? तू म्हणालास, कळतं, पण सावलीत असेल तर ते आधी उंची बघतं, किड्याचं नंतर. सावलीत मेलं तर किड्याची भीती कशाला.

मग तू एक खोड चिरलंस. आत अळी होती. तू म्हणालास, "छान आलंय."

ते भात आमचं होतं.

पुढच्या वर्षीही तू एकच हंगाम म्हणालास.

ताई


१९ फेब्रुवारी १९८४

आनंदा,

उरलेले दोन ऐन आज उतरवले. तुझं उत्तर नाही आणि राब भाजायचे दिवस थांबत नाहीत. कुशाबा चढायच्या आधी म्हणाला, "आनंदा रागावंल न्हवं?" मी म्हटलं, "त्याचं रागावून झालंय. तू चढ."

आता एक लिहायचं राहिलं आहे ते लिहिते. मागच्या वर्षीचे तीन ऐन मी तोडले नव्हते.

मी त्या दिवशी बालवाडीच्या बैठकीला पौडला गेले होते. संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले तर तीन झाडं बोडकी आणि आई पाल्याचे भारे बांधत बसलेली. बाकीच्या झाडांचा पाला दोन वर्षं पुरला नव्हता. ती पाल्यासाठी वरच्या रानात जायची. तिथून उतरताना घसरली होती आणि गुडघा सुजलेला मला दिसू नये म्हणून लुगडं खाली ओढून चालत होती. तिने कुशाबाला बोलावलं आणि सांगितलं, "तोड." तिसऱ्या झाडापर्यंत तिचा धीर टिकला. मग म्हणाली, "दोन ऱ्हाऊ दे, पोराला दावायला."

जुलैत तू सरांना घेऊन आलास, झाडांकडे पाहिलंस आणि विचारलंस, "हे कुणी केलं?" विचारताना तू माझ्याकडेच बघत होतास. मी आईकडे पाहिलं. ती चुलीशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटवली.

तू गेल्यावर तीच म्हणाली, "तुज्यावर रागावला तरी तू हितंच हायेस. माज्यावर रागावला तर तो यायचा न्हाई."

तरीही तू आला नाहीस. तेव्हा तिचाही हिशेब चुकला आणि माझंही नाव उगाच गेलं. आज मात्र तू जे म्हणालास ते खरं आहे. आज मी तोडली.

हे आईला विचारू नकोस. ती नाही म्हणेल.

प्रभा


५ ऑगस्ट १९८४

आनंदा,

लावणी झाली. तुझ्या प्रयोगाच्या लाल खुंट्या अजून बांधात आहेत. दोन मी रोपांच्या जुड्या टेकवायला वापरल्या.

पौडला जाऊन अर्जावर हरकत घेतली. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "उताऱ्यावर तुमचं नाव कुठाय?" नाही म्हटलं. "मग हरकत कशाची?" म्हटलं, जमीन पिकत नाही असं लिहिलंय, ती पिकते. ते म्हणाले, "पिकते तर बघायला सर्कल इन्स्पेक्टरना पाठवू. भात पोसलं की. पिकत नसेल तर तुमची हरकत गेली, आणि पिकत असेल तर अर्जातलं कारण गेलं." एवढं सरळ बोलणारा माणूस कचेरीत भेटेल असं वाटलं नव्हतं.

नाव कसं नाही, ते तुला ठाऊक नसेल. तू तेव्हा अकरावीच्या अभ्यासाला पुण्यात होतास. बाबा गेल्यावर वारसांची नोंद करायला भाऊसाहेब घरी आले, ते आताचे नाहीत, आधीचे. त्यांनी विचारलं, "लेकीचं नाव लावायचं का?" आई म्हणाली, "तिला कशाला? ती हाय की हितंच." मी पाणी आणून दिलं होतं. तो तांब्या अजून आहे.

सातवीनंतर मला शाळेतून काढलं तेव्हाही हेच कारण होतं. कुणीतरी एक इथे असायला पाहिजे होतं. मी तक्रार केली नाही, तू बाराखडी माझ्याच मांडीवर शिकलास. पण इथे असणं हे काम आहे, हे या घरात कुणाला वाटलं नाही. कुडाच्या भिंतीसारखं ते असतंच.

आणखी एक. आईने मला लिहू दिलं नव्हतं, आता लिहिते. गेली दोन वर्षं ती हैबतरावांच्या लावणीला आणि कापणीला जात होती. त्या गुडघ्याने. नोव्हेंबरात मी लिहिलं की ती दिवसभर घरात नसते, ते हे. घरात रेशनची मिलो ज्वारी होती. तू सरांना घेऊन आलास त्या दिवशीचे तांदूळ गंगूबाईचे होते. सर म्हणाले, "काय वास आहे तांदळाला. हाच का तुमचा आंबेमोहोर?" आई म्हणाली, "व्हय." आमचा त्या वर्षी बियाण्यापुरता उरला होता.

यंदा ती हैबतरावांकडे गेली नाही. बांधावर बसून माझ्यावर ओरडते, "दाट लावू नगंस, हात पसरून लाव." गुडघा दुखतो, आवाज चांगला आहे.

प्रभावती


९ सप्टेंबर १९८४

आनंदा,

भात बुटकं आहे.

शेजारच्या खाचरांपेक्षा दिसायला कमीच. पानं आखूड, काळपट हिरवी, हात लावला तर कापतात. फुटवे मात्र बुंध्याशी भरपूर. हैबतराव काल बांधावर थांबले होते. म्हणाले, "प्रभाबाई, मागल्या खेपंला कसं डोक्याएवढं वाढलं हुतं. आवंदा काय झालं? शिव्या दिल्या का काय भाताला?" मी म्हटलं, "ऊन दिलं." ते म्हणाले, "सर्कल यायचाय म्हणं. त्याला काय दावणार, हे?" आणि हसले. वाईट हसले नाहीत. त्यांना वाटतं आहे की काम झालं. ते तिथे विहीर काढून कलमांची रोपं करणार आहेत, असं आईला सांगून गेले. आईने त्यांना चहा दिला.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. उंच भाताची सवय डोळ्यांना लागलेली असते. सकाळी जाऊन बघते तेव्हा तू सांगितलेलं पुन्हा मनात म्हणते, की यंदा त्याने शिदोरी उंचीवर उडवलेली नाही, कुठेतरी ठेवलेली असणार. एक पान तोडून चावून पाहिलं. पानासारखं लागलं. कडूपणा किड्यालाच कळत असेल.

तुझा नियम मी माणसांना लावून पाहिला. जमला नाही. या घरात सावलीत मी वाढले आणि उजेडात तू. नियमाप्रमाणे मी उंच आणि मऊ व्हायला हवी होते. मी उंच झाले नाही आणि कडू मात्र झाले. तेव्हा तो नियम भाताचाच आहे. तो भातापुरता ठेव.

जयाला सांग, तिचं कार्ड पोचलं. तुला बदली मिळाली आणि कोथरूडला जागा बघताय, असं तिने लिहिलंय. म्हणजे अर्ज कशासाठी, तेही कळलं. तिने मोकळेपणाने लिहिलं, म्हणून मी तिच्यावर चिडलेली नाही.

प्रभावती


१४ ऑक्टोबर १९८४

आनंदा,

सर्कल साहेब येत्या गुरुवारी येणार, असं तलाठी भाऊसाहेबांनी आज स्वतः घरी येऊन सांगितलं. अर्जदार म्हणून तुलाही हजर राहण्याची नोटीस गेली आहे. पहिल्या एस.टी.ने निघालास तर वेळेवर पोचशील. हैबतराव साहेबांसाठी खुर्ची पाठवणार आहेत. पंच कुशाबा आणि गंगूबाईचा नवरा.

हे पत्र तुला बुधवारी मिळावं म्हणून आजच पिरंगुटला जाणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे. तिथे टपाल लवकर निघतं.

लोंब्या वाकल्या आहेत. आंबेमोहोराचा वास संध्याकाळी घरापर्यंत येतो. आई काल बांधावर गेली, एक लोंबी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "हे बुटकं असून एवढं कुटनं आलं?" मी तिला तू सांगितलेलं सांगितलं, शिदोरीचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे त्याला ठावं हुतं? पयल्या वर्षापास्नं?"

मी होय म्हटलं. खोटं बोलायचं मला आठवलं नाही.

ती तिथेच बसली. बांधावर बिब्बा लटकवलेली दोरी अजून होती, ती तिने सोडली आणि कनवटीला लावली. येताना म्हणाली, "इसरला आसंल सांगायला." जरा चालल्यावर पुन्हा म्हणाली, "लई कामं आसत्यात त्याला."

साहेब तिला विचारतीलच. जमीन कोण कसतं आणि ती का पिकत नव्हती. त्या दोन प्रश्नांवर सगळं आहे. नाव नसलेल्या माणसाच्या बाजूने नाव असलेल्याची आईच बोलू शकते, असं भाऊसाहेब म्हणाले. मी आज तिला विचारलं, काय सांगशील? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "इचारतील तवा बघू." तुझंच उत्तर. ती चुलीशी बसून राहील की बोलेल, मला सांगता येत नाही. या वेळी मी तिच्याकडे बघणार नाही. तू बघ.

भात निर्दोष नाही, हेही आधीच सांगते. पूर्वेच्या बांधाशी काही लोंब्या पांढऱ्या आहेत. हैबतरावांकडे तीक्ष्ण नजरेचा माणूस आहे, तो त्या दाखवील. गंगूबाई म्हणाली, "रातचं उपटून टाक की, कोण बघतंय." मी उपटल्या नाहीत. आहेत तेवढ्या असू देत.

साहेबांना मी एवढंच म्हणणार आहे की माझा भाऊ या विषयातला डॉक्टर आहे, त्यालाच विचारा. तू खाचरात उतरायचं, पँट वर करून, जसा पहिल्या वर्षी उतरायचास. पंचांसमोर एक खोड चिरायचं आणि आत काय आहे ते साहेबांना वाचून दाखवायचं.

कुठलं खोड, ते तूच निवड. विळा मी आणीन.

प्रभावती